रात्री जांबोटी रस्त्यानं परततो, गाडीत काय ठेवू?

रताळीवाला_खानापूर
नमस्कार मंडळी. आठवड्यातनं तीनदा छोटा हत्ती भरून बेळगावच्या एपीएमसीत रताळी नेतो. परतायला रात्रीचे नऊ वाजतात. गेल्या सोमवारी किणये सोडल्यावर दोघेजण मोटारसायकलवरनं शेजारी आले आणि 'मागचं चाक हलायलंय' म्हणून हात करू लागले. थांबलो. उतरून बघतो तर नट घट्ट. एकजण मला बोलण्यात गुंतवायला, दुसरा हळूच केबिनकडं. तेवढ्यात मागनं उसाचा ट्रॅक्टर आला आणि दोघं पसार. पिशवीत पट्टीचे, म्हणजे माल विकल्याचे, साठ हजार होते.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्यानं सीटखाली कोयता ठेवला. पिस्तुलाचं लायसन काढ म्हणून मागं लागलाय. ऑनलाइन मिळते ती घडीची स्टीलची काठीही त्यानं बघून ठेवलीय. काय करावं?

घाटातला_ड्रायव्हर
दादा, हत्याराचं नंतर बघू. उतरलात तेव्हा चावी कुठं होती?

चाक खरंच ढिलं असलं तर गाडी स्वतः सांगते. हादरे बसतात, खडखड ऐकू येते. तसं काही नसेल तर कुणी कितीही हात करू दे, काच वर करायची आणि सावकाश पुढच्या पंपापर्यंत नाहीतर गावातल्या उजेडाच्या दुकानापर्यंत जायचं. शंका असली तरी तेच, फक्त आणखी हळू. उतरायचंच झालं तर इंजिन बंद, चावी खिशात, दार लॉक. पुढं कुणी गाडी थांबवली तर तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर राखून थांबा, म्हणजे रिव्हर्स न टाकता बाजूनं काढता येते.

आणि साठ हजार रोख कशाला फिरवताय? अडत्याला सांगा, खात्यावर टाक. मग लुटायला राहील काय, रिकामी पोती?

कोर्टकचेरी
शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असलं की ते नियमांतल्या हत्यारांच्या यादीत येतं. शेतीची आणि घरगुती अवजारं त्यातनं वगळलीत, म्हणून कोयता शेतात अवजारच. पण रात्री नऊला, रिकाम्या गाडीत, सीटखाली लपवलेला? नाक्यावर हवालदार विचारेल तेव्हा 'ऊस तोडायला' म्हणून बघा. वर 'कुणी अडवलं तर असावा म्हणून' असं तोंडातनं गेलं की अवजाराचं हत्यार झालं. ती स्टीलची काठी तर यादीत नाव घेऊन आहे, मागवू नका. साधी लाठी चालते.

पिस्तुलाचं म्हणाल तर अर्जाचा ए-१ फॉर्म, पोलिस चौकशी, हत्यार सांभाळायच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि मुख्य म्हणजे गरज पटवून द्यायची. मिळालं तर पाच वर्षांचं. ते कुठवर चालतं ते त्यावरच लिहिलेलं असतं. कर्नाटकापुरतं असेल तर महाराष्ट्रात शिनोळीला माल उतरवायला जाताना ते घरी. निवडणूक लागली की बहुतेकांना ठाण्यात जमा करावं लागतं. बिनलायसन सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. रताळ्याच्या धंद्याला हे परवडणारं नव्हं.

सीमावासी
कोडगूत, म्हणजे कुर्गात, लायसन लागत नाही म्हणतात की. मग आम्हालाच का?

कोर्टकचेरी
ती सूट कोडवा लोकांना आणि तिथल्या जम्मा (पिढीजात वहिवाटीच्या) जमीनधारकांना. खानापूर तालुक्याला लागू करायला तुम्हाला तिकडं जन्म घ्यावा लागेल.

निपाणीची_आक्का
मी स्कूटीवर पेपर स्प्रे ठेवते. त्याला लायसन लागत नाही. पण पर्सच्या तळाला ठेवलेला स्प्रे म्हणजे नसल्यासारखाच. एकदा तवंदी घाटात कुत्रं अंगावर आलं तेव्हा घाईत मारला तो वाऱ्यासमोर. कुत्रं गेलं निघून, मी अर्धा तास रस्त्याकडेला डोळे धूत बसले. बंद केबिनमध्ये तर तो मारूच नका भाऊ, आधी तुमचाच खोकला सुरू होईल.

आणि भांडणात काढायची वस्तू नव्हं ती. २०२४ मध्ये बेंगळुरूच्या एका वादात स्प्रे मारल्याचा गुन्हा रद्द करायला कर्नाटक हायकोर्टानं नकार दिला. जिवाला तेवढा धोका नव्हता, असं कोर्टाला दिसलं.

कोर्टकचेरी
आक्का बरोबर. स्वतःला वाचवायचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ पासून पुढं आहे, पण गरजेपुरताच. लाठीलाही तेच लागू.

घाटातला_ड्रायव्हर
मदतीचा ११२ नंबर फोनवर तयार ठेवा. जांबोटीच्या पुढं रेंज जाते-येते, तेव्हा निघताना घरी फोन करून 'पिरनवाडी सोडली' एवढं सांगायचं. पाऊण तासात पोचला नाहीत तर घरचे शोधतील. आणि दोन्ही दारांचं लॉक बघा.

रताळीवाला_खानापूर
चावीचं विचारलंत तेव्हा घाम फुटला. गाडी चालूच होती हो, चावी लागलेली.

कोयता गोठ्यात परत टांगला. मेव्हणा फुगलाय. अडत्या म्हणतो अर्धे खात्यावर टाकतो, अर्धे रोखच घ्या. लॉक आत्ता बघितलं, क्लीनरच्या बाजूचं लागतच नाही, आणि कधीपास्नं ते देव जाणे. खानापुरात छोट्या हत्तीच्या दाराचं काम चांगलं करणारा कुणी आहे का?