सव्वा महिना खोलीत: बाळंतिणीला आराम की शिक्षा?

रानजाई

वहिनीचं बाळंतपण तिच्या माहेरी झालं, जळगावला, ऐन मे महिन्यात. खोलीला एकच खिडकी, ती बाळाला वारं लागेल म्हणून बंद. पंखा बंद. खाटेखाली शेगडी, कानाला रुमाल, पायांत मोजे. पाणी मागितलं तर वाटीभर, तेही ओवा घालून उकळलेलं, कारण जास्त पाण्याने म्हणे पोट सुटतं. मी भेटायला गेले तेव्हा तिची मान आणि पाठ घामोळ्यांनी लाल झाली होती. बाळाच्या कपाळावरही पुरळ. आणि ती आईसमोर अवाक्षर काढत नव्हती.

बाळंतिणीला विश्रांती हवी याबद्दल वाद नाही. माझा राग वेगळाच आहे. लाडू किती खाल्ला हे दिवसातून चारदा विचारतात. टाके ठणकतायत का, लघवी करताना आग होते का, झोप झाली का, उगाच रडू येतं का, हे कोण विचारतं? हळिवाची खीर दुधासाठी, मेथी कंबरेसाठी, म्हणजे पुढे वाकून कामं करता यावीत. पोट बांधायचं ते बेढब दिसू नये म्हणून. या सगळ्या कारभारात ती स्वतः कुठे आहे?

शेगडी, धुरी, पाणी तोडणं आणि खोलीत डांबणं आता सोडून द्यावं असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

साताऱ्याची_शकू

अगं, मे महिन्यात जळगावात शेगडी ठेवणारीला शहाणी कोण म्हणेल? पण तेवढ्यावरून तू सगळा सव्वा महिनाच मोडीत काढायला निघालीस.

दोन लेकींची आणि एका सुनेची बाळंतपणं मी केली आहेत. आमच्या काळी सुवेर पाळायचे. बाळंतिणीच्या हातचं कुणी खायचं नाही. तो विटाळ मलाही पटत नाही आणि मी तो सुनेला लावला नाही. पण त्या विटाळाच्या आडून का होईना, बाईची चूल सुटत होती. सासूची इच्छा असली तरी तिला उठवता येत नव्हतं. आता विटाळ गेला आणि सोबत सुट्टीही गेली. सिझर झालेल्या पोरी पंधरवड्यात पाहुण्यांसाठी चहा टाकताना मी बघते. बारशाला तर तीन तास खुर्चीत बसवतात, हसऱ्या चेहऱ्याने फोटो.

मालिशवाल्या बाईचं ऐक. आमच्याकडे सकाळी नऊला येत. तिळाचं तेल कोमट करून आधी तळपाय, मग पोटऱ्या, मग कंबर. नंतर घंगाळातलं कढत पाणी तांब्या-तांब्याने कमरेवर. त्या न्हाणीघरात माझी धाकटी त्यांच्याशी जे बोलली ते माझ्याशी कधी बोलली नाही. त्यांनीच मला बाहेर येऊन सांगितलं, "पोरीला रात्रीची झोप नाही, आज बाळ तुम्ही घ्या." हे तुमच्या कुठल्या ॲपमध्ये मिळतं?

पाठकणा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बाळंतिणी रोजच्या पाहण्यातल्या.

शकूमावशींच्या मालिशला माझा पूर्ण पाठिंबा, फक्त सिझरच्या टाक्यांवर आणि पोटावर जोर नको. आडवं पडून राहण्याला मात्र ठाम विरोध. बाळंतपणात रक्त गोठण्याची शक्ती वाढलेली असते. अतिरक्तस्राव होऊ नये म्हणून शरीरानेच केलेली ती सोय असते. पण बाई दिवसच्या दिवस हलली नाही तर पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते, आणि हा धोका पहिल्या सहा आठवड्यांत सर्वात जास्त असतो. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, ताप असेल, घाण वास येत असेल, डोकं फुटेल असं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तरी तसंच.

पाणी तोडणं तर नकोच. अंगावर पाजणाऱ्या बाईला जास्त पाणी लागतं. पोट पाण्याने सुटत नाही. नऊ महिने ताणलेले पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले असतात, म्हणून ते पुढे येतं. घरीच बघता येतं: उताणं झोपून गुडघे दुमडा, डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवा. दोनाहून जास्त बोटं आत जात असतील तर दाखवून घ्या.

तिरकस

आमच्या आज्जीने नऊ पोरं काढली. तिने ना बोटं मोजली ना फिजिओ पाहिला. शेवटपर्यंत विहिरीचं पाणी शेंदत होती. सगळ्याचा आजार करून ठेवलाय.

पाठकणा

@तिरकस, आज्जीचं अंग बाहेर येत होतं का, शिंकताना लुगडं ओलं होत होतं का, हे तुम्हाला ती सांगणार होती का?

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. पाणी सगळ्याच शेंदत होत्या.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत माझी दुसरी मुलगी झाली. आई व्हिसामुळे उशिरा पोचली. पण दाई घरी यायची. इथे पहिल्या दहा दिवसांत ती रोज येऊ शकते, पुढेही बारा आठवड्यांपर्यंत गरजेप्रमाणे, आणि खर्च विमा देतो. ती आधी माझं पोट दाबून गर्भाशय किती आकसलंय ते बघायची, टाके बघायची, मग बाळाचं वजन. पहिलं माझं, मग बाळाचं! मला तर भरूनच आलं. बाळंतपणानंतर आठ आठवडे नोकरीवर घ्यायला मालकाला कायद्याने बंदी आहे. शेजारीण सूप ठेवून गेली आणि म्हणाली, "उठू नकोस."

म्हणजे शकूमावशींचा सव्वा महिना यांनी कायद्यात बसवलाय, फक्त शेगडी वगळून. रानजाई, विश्रांतीला जुनाट म्हणू नका एवढंच.

रानजाई

@श्टुटगार्टकर, मी विश्रांतीला नाही, बाईला न विचारण्याला जुनाट म्हणतेय. तुमच्या दाईनं तुम्हाला विचारलं, तिथेच सगळा फरक पडला.

आणि कायदा आपल्याकडेही आहे. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यापासून बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर घ्यायला मनाई आहेच. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजाही आहे.

गटप्रवर्तक_यवतमाळ

ताई, तुमचे २६ आठवडे दहा किंवा जास्त लोक असलेल्या आस्थापनेत. माझ्याकडच्या बायका कापूस वेचतात, त्यांची आस्थापना म्हणजे बांध. इथे सव्वा महिना कुणी पाळत नाही, कारण परवडतच नाही. बारा-पंधरा दिवसांत बाई बाळाला झोळीत टाकून कामावर दिसते. म्हणून हा धागा वाचून थोडं हसूच आलं. एकीकडे कोंडून ठेवलं म्हणून भांडण, आणि इथे चार दिवस कुणी कोंडलं तर ती बिचारी देवाला नारळ देईल.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आमच्या आशा सेविका घरी सहा वेळा जातात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. ही घरी जाऊन नवजात बाळ तपासायची पद्धत गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेतून देशभर गेली, याचा आम्हाला अभिमान आहे. आईचा ताप, अंगावरचं जाणं हेही बघायचं असतं. पण वजनकाटा बाळाचा, थर्मामीटर बाळाला, घोंगडी बाळाला. आईशी बोलायला बसलं की सासू दारात. माझी एक आशा हुशार आहे. ती सासूला म्हणते, "आत्या, जरा कोमट पाणी आणा." तेवढ्या दोन मिनिटांत विचारून घेते.

निळी_छत्री

मी हा विषय टाळणार होते. पण कुणीतरी लिहायला हवं.

माझं सगळं रीतसर झालं. माहेर, मालिश, डिंकाचे लाडू, धुरी, काही कमी नाही. आणि मला बाळाला हातात घ्यावंसं वाटत नव्हतं. बाळ रडलं की मी भिंतीकडे तोंड करायचे. ते झोपलं तरी मला झोप नाही. आईने दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या तडतडल्या नाहीत म्हणून दुसऱ्यांदा काढली. मावशी म्हणाली, सटवाईचं काही राहिलं असेल. बाबा म्हणाले, लाख लोक मुलासाठी नवस करतात आणि हिला रडायला येतंय. सगळ्यांची माया खरी होती हो. पण लाडवाने हे जात नाही.

शेवटी बहिणीने ओढत नेलं. औषध घेतलं, अंगावर पाजतानाही चालेल असं डॉक्टरांनी बघून दिलं. हळूहळू बाहेर आले.

म्हणून माझा दोघींनाही विरोध. शकूमावशी, चांगलं बाळंतपण केलं म्हणून मन सांभाळलं जातंच असं नाही. आणि रानजाई, खिडकी उघडली असती तर मी बरी झाले असते असंही नाही.

तिरकस

सहानुभूती आहेच. पण रडू प्रत्येकीला येतं. आता ते नाव देऊन औषधं सुरू. घरात माणसं असली की हे होत नाही, एकटं राहणाऱ्यांची थेरं आहेत.

पाठकणा

नाही. पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं हे खरंच बहुतेकींना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. त्याला औषध लागत नाही, झोप आणि माणूस लागतं. त्यापुढेही टिकलं, वाढलं, तर ते आजारपण. आणि कानात आवाज येणं, भलतेसलते संशय, स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटणं, हे असेल तर एक दिवसही थांबायचं नाही, एकटं सोडायचं नाही.

'भरल्या घरात होत नाही' याबद्दल: गोव्यातल्या आयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात होत्या. त्यांच्याही घरात माणसं होतीच. गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं, यांनी धोका वाढलेला दिसला. आता सांगा, यातली थेरं कुणाची?

कुणाला बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, मराठीतही बोलतात.

साताऱ्याची_शकू

@निळी_छत्री, वाचून पोटात तुटलं गं. आम्ही याला बाळंतवात म्हणायचो आणि वेखंड-धूप करायचो. आमच्या वाड्यातली एक सून तशी झाली होती, तिला शेवटी माहेरीच ठेवून घेतलं. कुणी डॉक्टर दाखवला नाही.

तरी माझं म्हणणं एवढंच, की बाईजवळ दुसरी बाई हवीच. ती असली तर निदान कुणाच्या तरी लक्षात येतं. तुझ्या बहिणीच्या आलंच की.

एकजावई

दुसरी बाईच का? बाप कुठे आहे या सगळ्यात?

पहिल्या बाळंतपणात बायको माहेरी, मी रविवारचा पाहुणा. बाळाला हात लावायच्या आधी 'हात धुतलेत का जावईबापू' आणि नंतर पोहे. बायको तीन महिन्यांनी घरी आली तेव्हा मला दुपटं गुंडाळता येत नव्हतं आणि ती माझ्यावर उखडलेली. दुसऱ्या वेळी आम्ही घरीच राहिलो. केंद्र सरकारच्या नोकरीत वडिलांना १५ दिवस रजा मिळते, ती घेतली. रात्रीचं बाळ माझ्याकडे, ढेकर काढणं माझ्याकडे. सासूबाई रागावल्या, पण हळिवाचे लाडू पाठवले.

साताऱ्याची_शकू

जावईबापू, पंधरा दिवसांचं ठीक. सोळाव्या दिवसापासून कोण होतं ते सांगा.

एकजावई

स्वयंपाकाला बाई लावली. आणि हो, सासूबाईच आल्या.

रानजाई

मावशी जिंकल्या म्हणायचं तर म्हणा. पण एकजावईंच्या बायकोला कुठे राहायचं ते ठरवता आलं. माझ्या वहिनीला खिडकीसुद्धा ठरवता आली नाही. आणि यवतमाळच्या ताईंच्या बायकांना दोन्ही नाही. माझा आक्षेप अजून तिथेच आहे.

ओली_हळद

मध्येच विचारते, माफ करा. माझं सिझर होऊन आठवडा झाला. आई उद्या येतेय आणि येताना जुनं सुती लुगडं आणतेय पोट बांधायला. बांधू का? आणि ती शेगडीचंही म्हणतेय.

पाठकणा

अभिनंदन! आधी डॉक्टरांना टाके दाखवून घ्या. उठता-बसताना, खोकताना आधार म्हणून सैलसर बांधायला हरकत नाही, टाके ओढत नाहीत. करकचून नको. पोटावरचा दाब खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर जातो, ते आधीच थकलेले असतात. बांधल्याने पोट आत जात नाही, त्यासाठी पुढे व्यायाम आहेत. शेगडीऐवजी कंबरेला गरम पाण्याची पिशवी, फडक्यात गुंडाळून, टाक्यांपासून लांब. बंद खोलीत कोळसा अजिबात नको, तो धूर आणि वायू दोघांनाही घातक.

साताऱ्याची_शकू

बाजारातला हजाराचा पट्टा चालतो, मग लुगडं करकचून का नको ते नीट सांगा तिला.

पाठकणा

मावशी, पट्टाही करकचून नकोच. हजाराचा असला तरी.