मदत हवी आहे: नेट गेलं की फोन रस्ता दाखवेनासा होतो, कोणतं नेव्हिगेशन अ‍ॅप ठेवावं?

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहिते. नुसतं "चांगलं नेव्हिगेशन अ‍ॅप सुचवा" म्हटलं की उत्तरात नावंच येतात, आणि मला कारणंही समजून घ्यायची आहेत.

गेल्या महिन्यात मी बाबांना घेऊन गाडीने डोंगराळ भागातून निघाले होते. चढ सुरू झाला तसं नेट गेलं. तरीही फोनवरची निळी रेघ दिसत होती आणि आमचा ठिपका तिच्यावरून सरकत होता, म्हणून मी निर्धास्त होते. एका फाट्यावर डावीकडे वळायचं ते मी सरळ गेले. त्या क्षणापासून फोन "मार्ग शोधत आहे" यापलीकडे काही सांगेना. थोडं पुढे गेल्यावर नकाशाही दिसेनासा झाला, करड्या पडद्यावर नुसता ठिपका. मागे येऊन तो फाटा सापडायला तास गेला. अंधार पडला, बाबांच्या औषधाची वेळ टळली. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला होता आणि मला अजून ते आठवतं. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही.

घरी आल्यावर तीन वेगवेगळी अ‍ॅप घेऊन तुलना करायला बसले. पहिल्यात ठिपका अगदी रस्त्यावर. दुसऱ्यात तो दीडेक किलोमीटर भलतीकडेच, मधूनच उडी मारणारा. तिसऱ्यात ठिपका बरोबर, पण पत्ता टाकला की काहीच सापडत नाही. म्हणजे प्रत्येक अ‍ॅपचं जीपीएस कमीजास्त चांगलं असतं असं समजायचं का? सर्वांत अचूक कोणतं?

माझी गरज अशी: नेट नसताना चुकलं तरी नवा मार्ग काढून देणारं अ‍ॅप हवं. गाडीसाठी तर हवंच, पण सुटीच्या दिवशी मैत्रिणीबरोबर डोंगरवाटांवर चालायला जाते, तिथेही उपयोगी पडावं. फोन अँड्रॉइडचा, चार वर्षं जुना, बारा जीबी जागा मोकळी आहे. तासाभरात तापतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते, त्यावरही काही सुचलं तर सांगा.

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

ताई, डोंगरवाटांसाठी ऑरगॅनिक मॅप्स डोळे मिटून घ्या. फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. त्या त्या प्रदेशाचा नकाशा आधी उतरवून ठेवायचा, मग शोध, चालण्याचा मार्ग, गाडीचा मार्ग, सगळं नेटशिवाय चालतं. बारा जीबीत बरंच काही मावेल.

प्रतिसाद २

ताई, तुमच्या प्रश्नातली एक समजूत आधी दुरुस्त करतो, कारण बाकीचं उत्तर तिच्यावर उभं आहे. "कोणत्या अ‍ॅपचं जीपीएस अचूक" हा प्रश्नच नीट लागत नाही. अ‍ॅपला स्वतःचं जीपीएस नसतं. फोनमध्ये एक चिप असते, ती उपग्रहांचे संकेत ऐकून जागा काढते, आणि फोनची प्रणाली तीच जागा सगळ्या अ‍ॅपना देते. अ‍ॅपचं वेगळेपण नकाशात, पत्ते शोधण्यात आणि मार्ग काढण्यात असतं.

ही चिप फक्त ऐकते, उपग्रहाकडे काही पाठवत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. किमान चार उपग्रह ऐकू आले की जागा निघते. तिघांवरून जागा आणि चौथा वेळेसाठी, कारण फोनमधलं घड्याळ उपग्रहातल्या आण्विक घड्याळाइतकं बिनचूक नसतं. या सगळ्यात इंटरनेट कुठेच नाही. म्हणूनच तुमचा ठिपका डोंगरातही चालत राहिला. आजचे बहुतेक फोन जीपीएसच्या जोडीला रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बेइदू हेही ऐकतात, त्यामुळे मोकळ्या आभाळाखाली उपग्रहांचा तुटवडा सहसा पडत नाही.

मग अडलं कुठे? निघताना नेट होतं, तेव्हा अ‍ॅपने सर्व्हरकडून, म्हणजे कंपनीच्या दूरच्या संगणकाकडून, मार्ग मागवला आणि त्या रेघेच्या आसपासचा नकाशा फोनमध्ये ठेवला. तुम्ही रेघेवर होतात तोवर सगळं सुरळीत. फाटा चुकला, नवा मार्ग हवा झाला, आणि तो काढणारा सर्व्हर नेटच्या पलीकडे राहिला. नकाशाही रेघेपुरताच होता, म्हणून पुढे पडदा करडा. अशा वेळी मार्ग काढण्याचं गणित फोनमध्येच करणारं अ‍ॅप लागतं, आणि त्यासाठी पूर्ण नकाशा आधी उतरवलेला असावा लागतो. तुमचा शोध या एका कसोटीवर घ्या.

आता ती दीड किलोमीटरची उडी. मला दाट शंका आहे की त्या अ‍ॅपला तुम्ही परवानगी देताना "अंदाजे" निवडलं असेल. अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, प्रत्येक अ‍ॅपला अचूक जागा द्यायची की अंदाजे, हे विचारलं जातं. अंदाजे म्हटलं तर अ‍ॅपला साधारण तीन चौरस किलोमीटरच्या टापूत कुठेतरी एवढंच कळतं. फोनची सेटिंग्ज, अ‍ॅप, परवानग्या, स्थान या वाटेने जाऊन "अचूक स्थान" चालू आहे का ते पाहा.

आणि पहिल्या अ‍ॅपचा ठिपका "अगदी रस्त्यावर" दिसतो, त्यावरही फार विश्वास टाकू नका. गाडीसाठीची अ‍ॅप ठिपका जवळच्या रस्त्यावर ओढून बसवतात. मोकळ्या जागी फोनची जागा साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर येते. उंच इमारतींमध्ये संकेत भिंतींवर आपटून येतात आणि चूक वाढते. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता नकाशावर एकाच जागी येतात, म्हणून त्यांतही ही अ‍ॅप गोंधळतात. २०१८ पासून काही फोनमध्ये दोन वारंवारिता ऐकणाऱ्या चिपा आल्या आहेत, त्यांनी भिंतींवरून आपटून येणाऱ्या संकेतांची चूक बरीच कमी होते. पण तो गुण फोनचा, अ‍ॅप बदलून तो मिळत नाही.

धागाकर्ती

दादा, तुमची शंका खरी निघाली! "अचूक स्थान" बंद होतं. चालू केल्याबरोबर दुसऱ्या अ‍ॅपचा ठिपका घरावर येऊन बसला. दोन आठवडे मी त्या अ‍ॅपला उगाच दोष देत होते.

आता नेमकी अ‍ॅप सांगाल का? गूगल मॅप्समध्येही नकाशा उतरवता येतो असं वाचलं. मग तेच पुरेल ना?

प्रतिसाद २

गाडीसाठी बऱ्यापैकी पुरेल. चौकट आखून भाग उतरवला की गाडीचा मार्ग नेटशिवायही मिळतो. पण चालण्याचा, सायकलचा किंवा सार्वजनिक वाहनांचा मार्ग नेटशिवाय मिळत नाही, वाहतुकीची स्थिती दिसत नाही आणि पर्यायी मार्गही नाहीत. उतरवलेला भाग काही काळाने कालबाह्य होतो, तो वेळेवर ताजा करावा लागतो. प्रवासाच्या आदल्या रात्री तपासायची सवय लावा.

हिअर वीगो हे दुसरं. ते नोकियाच्या नकाशांमधून आलेलं आहे, २०१५ मध्ये ऑडी, बीएमडब्ल्यू आणि डाइमलर यांनी मिळून घेतलं. त्यात चौकटी आखत बसावं लागत नाही, अख्खा प्रदेश किंवा देश उतरवता येतो. गाडीसाठी मला ते जास्त सुटसुटीत वाटतं.

वेझ मात्र तुमच्या कामाचं नाही. त्याचा सगळा जीव लोक पाठवतात त्या ताज्या खबरांत आहे आणि त्या नेटवरूनच येतात.

प्रतिसाद ३

वरच्या शेवटच्या वाक्याशी अर्धाच सहमत. डोंगरासाठी ठीक, पण रोजच्या गर्दीतल्या प्रवासाला नेटवर चालणारं अ‍ॅपच हवं. पुढे रस्ता तुंबलाय हे उपग्रह सांगत नाही, पुढच्या गाड्यांमधले फोन हळू सरकताहेत यावरून ते कळतं. उतरवलेल्या नकाशाला अपघात माहीत नसतो, बंद केलेला पूलही माहीत नसतो. ताईंनी एकाच अ‍ॅपचा हट्ट धरू नये, एवढंच म्हणणं. दोन ठेवा.

ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांच्यासाठी: अ‍ॅपलच्या नकाशातही २०२३ च्या आयओएस १७ पासून भाग उतरवून ठेवता येतो, आणि त्यात चालण्याचे मार्गही नेटशिवाय मिळतात.

प्रतिसाद ४

पायवाटांबद्दल लिहिते, माझं बरंच भटकणं पायीच असतं.

ऑरगॅनिक मॅप्स आणि ओस्मअँड ही दोन्ही अ‍ॅप ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालतात. २००४ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प आहे, नकाशा स्वयंसेवक काढतात. त्यामुळे जिथे चालणारे लोक जातात तिथल्या पायवाटा, झरे, खिंडी त्यात असतात, जे गाड्यांसाठी केलेल्या नकाशात बहुतेक वेळा नसतात. उलट घरक्रमांक पुष्कळ ठिकाणी कुणी भरलेले नसतात. तुमच्या तिसऱ्या अ‍ॅपला पत्ता सापडेना, ते मला वाटतं यामुळेच.

यावर उपाय सोपा आहे. नेट असताना ज्या अ‍ॅपमध्ये पत्ता सापडतो तिथे तो शोधा, त्या जागेवर बोट दाबून अक्षांश-रेखांश घ्या आणि ते आकडे दुसऱ्या अ‍ॅपच्या शोधात टाका. दशांशानंतर पाच अंक घेतले तर सुमारे एक मीटरपर्यंतची जागा मिळते. ती खूण म्हणून साठवून ठेवा. हे आकडे संकटातही कामाचे. वाट चुकून मदत मागायची वेळ आली तर "मोठ्या झाडापाशी आहे" सांगण्यापेक्षा हे आकडे वाचून दाखवलेले बरे. कागदावरही लिहून ठेवते मी.

ओस्मअँडमध्ये समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या), डोंगरउताराच्या छटा, चाललेली वाट नोंदवून जीपीएक्स फाइल करणं असं खूप काही आहे, पण सेटिंग्ज इतक्या की पहिले आठ दिवस डोकं उठतं. फुकट आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवता येतात. आधी ऑरगॅनिक मॅप्सवर हात बसू द्या.

बॅटरीचं: चालताना फोन विमान मोडवर टाका. जीपीएस चालू राहतं, फक्त टॉवर शोधणं थांबतं, आणि रेंज नसलेल्या भागात तेच शोधणं बॅटरी खात असतं. अर्थात फोन येणार नाहीत, ते घरी सांगून निघा. पडदा बंद ठेवा, फाट्यापाशीच बघा. गाडीत फोन काचेमागे उन्हात लावू नका, वाऱ्याच्या झरोक्यापाशी लावा. ऊन, चार्जिंग आणि झगझगीत पडदा तिन्ही एकत्र आले की तो तापणारच.

प्रतिसाद २

विमान मोडला एक पुस्ती. निघायच्या आधी, नेट असताना, ठिपका एकदा बसू द्या. नेट असलं की कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती फोन पटकन उतरवून घेतो. नसलं तर ती उपग्रहाच्याच संकेतातून हळूहळू ऐकावी लागते. एका उपग्रहाची कक्षा कळायला साधारण अर्धं मिनिट, सगळ्यांचं पंचांग, म्हणजे कोणता उपग्रह कुठे असेल याचा ढोबळ तक्ता, मिळायला साडेबारा मिनिटं. बराच वेळ बंद असलेला फोन दाट झाडीत सुरू केला आणि ठिपका आला नाही, तर घाबरू नका, उघड्यावर येऊन काही मिनिटं थांबा.

आणि अ‍ॅप कोणतंही निवडा, घराजवळ परीक्षा घ्या. नकाशा उतरवा, फोन विमान मोडवर टाका, मार्ग लावा आणि मुद्दाम एक वळण चुका.

धागाकर्ती

काल संध्याकाळी हीच परीक्षा घेतली. बाबांना शेजारी बसवलं, फोन त्यांच्या हातात दिला. तिन्ही अ‍ॅपमध्ये एकच ठिकाण, विमान मोड, आणि दर वेळी तेच वळण चुकवलं.

एकाने पुन्हा तेच "मार्ग शोधत आहे" म्हटलं. पाहिलं तर त्याचा नकाशा मी उतरवलाच नव्हता. हिअर वीगोने पुढच्या चौकाच्या आत नवा मार्ग दिला. ऑरगॅनिक मॅप्सनेही दिला, आणि अक्षांश-रेखांश टाकल्यावर ठिकाणही लगेच सापडलं. बाबा दर वळणाला "आता बघू काय म्हणतो" असं मोठ्याने म्हणत होते, परतताना आणखी एक वळण चुकव म्हणाले.

तर माझं ठरलं: शहरात नेटवरचं, लांबच्या प्रवासाला हिअर वीगो, पायी ऑरगॅनिक मॅप्स. सगळे नकाशे मिळून जागा पुरली.

एकच शंका उरली आहे. चालताना ऑरगॅनिक मॅप्समध्ये ठिपका बरोबर जागी असतो, पण बाण उलट्या दिशेला दाखवतो. गाडीत मात्र दिशा बरोबर येते. ही पण परवानगीची भानगड आहे का?

प्रतिसाद ४

नाही, हे होकायंत्राचं आहे. गाडीत वेग असतो, त्यामुळे ठिपका कुठून कुठे सरकला यावरून दिशा काढता येते. उभं असताना किंवा हळू चालताना फोन आतल्या चुंबकीय संवेदकावर भिस्त ठेवतो आणि तो जवळच्या लोहचुंबकाने बिघडतो. फोनच्या मागे चुंबकाचं कव्हर किंवा गाडीतल्या होल्डरची चकती चिकटवली आहे का? ती काढा आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन-चार वेळा फिरवा.

धागाकर्ती

चकती होती! काढली, फोन फिरवला, बाण सरळ झाला. गाडीसाठी आता चिमट्याचा होल्डर बघते.