भट्टीतून आलेले ग्रेड ५ टायटॅनियम इन्सर्ट का फोडते?

भोसरीचा टर्नर
नमस्कार. भोसरीत माझे लहानसे मशीन शॉप आहे. ग्रेड ५ टायटॅनियमच्या (सुमारे सहा टक्के ॲल्युमिनियम असलेल्या मिश्रधातूच्या) काही रिंगा रफ टर्निंगनंतर ताण काढण्यासाठी बाहेर भट्टीत दिल्या होत्या. ६५० अंश सेल्सिअस, दोन तास, असे चलनावर स्पष्ट लिहिले होते. परत आलेल्या रिंगांवर पिवळसर राखाडी पपडी होती आणि ती नखाने सुटत होती. एमरीने घासल्यावर खालचा धातू चकचकीत निघाला, तरीही ०.०५ मिमीच्या फिनिशिंग कटात इन्सर्टची (लेथच्या हत्यारावर बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्यांची) टोके एकामागून एक उडाली आणि एका रिंगेच्या कडेला भिंगातून केसासारख्या भेगा दिसल्या. भट्टीवाले म्हणतात, "रंग बदलतोच, माल ठीक आहे." दोष मूळ बारमध्ये आहे की भट्टीत झाला, हे कसे ओळखावे?

धातुशास्त्राचा जुना विद्यार्थी
आपण पपडी काढली, पण बिघाड पपडीच्या खाली आहे. पोलाद हवेत तापले की बहुतेक ऑक्सिजन वरच्या पपडीत अडकतो; टायटॅनियमचे तसे नाही. त्याच्या अल्फा रचनेत (कमी तापमानाला असणाऱ्या अणूंच्या मांडणीत) ऑक्सिजन वजनाच्या सुमारे १४ टक्क्यांपर्यंत विरघळू शकतो, त्यामुळे वर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर वाढत असतानाच ऑक्सिजन धातूच्या आतही झिरपत राहतो आणि पृष्ठभागालगत कडक, ठिसूळ कवच तयार होते. यालाच अल्फा केस म्हणतात. घासल्यावर ते मूळ धातूसारखेच चमकते, म्हणून डोळ्यांना कळत नाही. इन्सर्टला मात्र लगेच कळते.

आता आपल्या वर्णनातले मला खटकलेले सांगतो. ६५० अंशांवर दोन तास हवेत ठेवलेल्या ग्रेड ५ वर साधारणपणे पातळ, चिकटून बसलेला निळसर-जांभळा थर येतो. नखाने सुटणारी पपडी यायला तापमान त्याहून बरेच वर जावे लागते. आत शिरण्याची खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे खोली दुप्पट व्हायला चौपट वेळ लागतो. तापमानाचा परिणाम मात्र याहून कितीतरी तीव्र असतो. ६५० ला दोन तासांत हे कवच काही मायक्रॉनचेच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) राहील, तर ९५० च्या आसपास तासाभरातच मिलिमीटरच्या दहाव्या भागाजवळ जाईल. मिश्रधातूतले ॲल्युमिनियमही इथे कामाला येत नाही. सहा टक्क्यांत त्याचा सलग, राखण करणारा थर बनत नाही.

एक रिंग कापून तुकडा माउंट करा (राळेत बसवून घासून गुळगुळीत करा) आणि कडेपासून आत सूक्ष्म कडकपणा मोजत जा. कडेला आकडा चढा आणि आत जाताना सपाट होत गेला, तर दोष भट्टीचा. बारच खराब असता तर तो सगळीकडे सारखाच चढा मिळाला असता. नमुन्याला अमोनियम बायफ्लोराइड लावले की हे कवच पांढऱ्या पट्टीसारखे उठून दिसते.

चाकणचा टूलरूमवाला
०.०५ चा कट म्हणजे टोक नेमके त्या कवचातच फिरत राहते. कवचाच्या खालून जाईल एवढा पहिला कट घ्या, वेग कमी ठेवा आणि कूलंट भरपूर सोडा. पुढच्या वेळी भट्टीत पाठवण्याआधीच प्रत्येक बाजूला कटाची जागा राखून ठेवा. शिवाय जॉब स्वच्छ धुऊन, हातमोज्यांनीच हाताळून पाठवा. बोटांच्या घामातले मीठ आणि क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटचा अंश गरम टायटॅनियमला भेगा पाडू शकतो.

भोसरीचा टर्नर
तपासणी करून घेतली. कडेलगत कडकपणा ५८० विकर्स (कडकपणाचे माप), आत ३४०, पांढरी पट्टी सुमारे ९० मायक्रॉन. आतली रचना बारीक गोलसर कणांचीच आहे. आता ॲसिडने हे कवच उतरवता येईल का?

धातुशास्त्राचा जुना विद्यार्थी
म्हणजे तापमान बरेच वर गेले होते, पण रचना गोलसर राहिली याचा अर्थ सुमारे ९९५ अंशांची बीटा सीमा (जिच्यावर सगळी अल्फा रचना बीटा रचनेत बदलते) ओलांडली गेली नाही. ती ओलांडली असती तर आतली रचना पट्ट्यापट्ट्यांची झाली असती आणि वरून कितीही धातू काढून उपयोग नव्हता.

ॲसिडने उतरते, पण घरच्या टाकीत करू नका. हायड्रोफ्लोरिक ॲसिड धातू खाते आणि त्यात हायड्रोजन आत शिरण्याचा धोका असतो, म्हणून मिश्रणात नायट्रिक ॲसिड साधारण दहापट ठेवतात. शिवाय पपडी आधी ब्लास्टिंगने पूर्ण काढली नाही तर पृष्ठभाग खड्डेखड्डे होतो. सौम्य हायड्रोफ्लोरिक त्वचेला लागले तर वेदना उशिरा कळतात, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या ॲसिडच्या भाजण्यावरचा प्रथमोपचार) हाताशी नसलेल्या जागी या ॲसिडची बाटलीही उघडू नये, असे माझे ठाम मत आहे. आपल्याला लेथ बरी. ज्या रिंगांत बाजूला ०.२ मिमी उरले आहे त्या टर्न करून पुन्हा कडेचा कडकपणा तपासा. भेगा पडलेली रिंग मात्र भंगारात टाका, कारण भेग कवचापाशीच थांबली असेल याची खात्री नाही. आणि भट्टीवाल्यांकडे त्या बॅचचा तापमानाचा आलेख मागा, जॉबशेजारी लावलेल्या थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या तारेचा). भट्टीच्या पाटीवरचा आकडा नको.

भोसरीचा टर्नर
सात रिंगा वाचतील असे दिसते. आलेख मागितला आहे, अजून आलेला नाही. पुढची बॅच व्हॅक्यूम भट्टीत देतो.