वायर फॉक्स टेरियरचे केस: क्लिपरने कापावेत की हाताने उपटावेत?

प्रश्न
आमचा वायर फॉक्स टेरियर तीन वर्षांचा आहे आणि त्याचे केस आजवर क्लिपरनेच कापले गेले. पाठीवरचा काळा पट्टा पूर्वी गडद होता व तेथील केस हाताला राठ लागत. आता ते मऊ, कुरळे आणि करडे झाले आहेत. हाताने केस उपटल्यास, म्हणजे हँड स्ट्रिपिंग केल्यास, मूळचा पोत परत येतो असे ऐकले. परंतु त्याने कुत्र्याला दुखत नाही का, आणि हे काम घरी जमते का?

उत्तर १
कोणता केस उपटला जातो, यावर दुखणे अवलंबून आहे. या जातीला बाहेर राठ केस आणि आत मऊ लव असे दोन थर असतात. वाढ पूर्ण झालेला राठ केस मुळाशी सैल होतो, पण आपणहून फारसा गळत नाही. तो चिमटीत धरून ओढला की सहज निघतो आणि त्या जागी नवा राठ केस येतो. क्लिपर मात्र जाड, गडद टोक तेवढे छाटतो आणि मागे उरतो तो बारीक, फिकट बुडखा. आपल्याला दिसणारा करडेपणा बहुतांशी त्याचाच आहे.

एका हाताने कातडी ताणून धरावी, दुसऱ्या हाताने मोजकेच केस पकडावेत आणि मनगट न वळवता वाढीच्या दिशेने ओढावेत. बोटे निसटत असल्यास खडूची पूड लावावी. स्ट्रिपिंगचा चाकू केस पकडण्यासाठी असतो, कापण्यासाठी नव्हे; धारदार चाकूने केस कापलेच जाणार असतील, तर क्लिपरने काय बिघडले होते?

उत्तर २
वरील पद्धत योग्य आहे, पण ती सर्वत्र वापरू नये. पोट, जांघा आणि गुदद्वाराभोवतीची कातडी नाजूक असल्याने तेथे कात्री किंवा क्लिपरच बरा. पाते तापून कातडी भाजू शकते, म्हणून ते अधूनमधून हाताला लावून पाहावे. नसबंदी झालेल्या कुत्र्यांचे केस बऱ्याचदा मऊच राहतात, तेव्हा पूर्वीचा पोत येईलच असे गृहीत धरू नये. कातडी लाल असेल, पुरळ असेल किंवा कुत्रा म्हातारा असेल, तर मी क्लिपरच सुचवेन; दिसण्यासाठी त्याला ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. यॉर्कशायरसारख्या रेशमी केसांच्या टेरियरला तर ही पद्धत लागूच होत नाही.

प्रश्नकर्ता
नसबंदी झालेली नाही आणि कातडीही निरोगी आहे. अंघोळ आधी घालावी की नंतर?

उत्तर १
नंतर, तीही काही दिवसांनी. धुतलेले केस मऊ होऊन निसटतात, आणि नुकत्याच उपटलेल्या जागी शाम्पू झोंबतो. दाढी व पायांवरचा गुंता मात्र अंघोळीआधीच विंचरून काढावा, कारण पाण्याने तो अधिक घट्ट बसतो. एकाच बैठकीत सगळे अंग उरकू नये. दर आठवड्याला थोडेथोडे केस काढल्यास जुने व नवे केस एकत्र राहतात आणि अंग कधीच उघडे पडत नाही. क्लिपरने छाटलेले बुडखे सुरुवातीला चिमटीत येणार नाहीत, त्यांना वाढू द्यावे लागेल.