नवले पूल: दोष उताराचा, ड्रायव्हरचा, की हायवेला पाडलेल्या तोंडांचा?

वारजेकर
पुण्याच्या बायपासवर, म्हणजे मुंबई-बंगळूर हायवेवर, नवले पुलाजवळ काही झालं की ‘ब्रेक फेल’ एवढ्यावर विषय मिटतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने ओळीने गाड्या चेपल्या, तेव्हाही तेच. १३ नोव्हेंबर २०२५ ला कंटेनरने गाड्या उडवल्या, आग लागली, किमान आठ जण गेले, तेव्हाही तेच. माझं म्हणणं वेगळं आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून निघालेला उतार जिथे संपतो, नेमकं तिथेच आपण हायवेला सर्व्हिस रोडची तोंडं पाडून ठेवली आहेत, आणि तीही एकमेकांना खेटून.

साधा हिशोब करा. ताशी ६० ने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. चढायचं तोंड आणि पुढचं उतरायचं तोंड यांत २०० मीटर असतील, तर हातात १२ सेकंद. तेवढ्यात आत शिरलेला उजवीकडे सरकतो, बाहेर पडणारा डावीकडे. कात्रीची दोन पाती. अमेरिकेत शहरी हायवेवर दोन इंटरचेंजमध्ये निदान एक मैल असावा, असा ढोबळ नियम आहे. आपण मीटरात बोलतोय. यातली तोंडं बंद करायला हवीत.

खंबाटकी_रिटर्न
अंतराचा आणि ब्रेक गेलेल्या ट्रकचा काय संबंध? २० टनांचं धूड सुटलं की त्याला तोंड २०० मीटरवर आहे की दोन किलोमीटरवर, सारखंच. डिझेल वाचवायला उतारावर गिअर काढून गाडी न्यूट्रल करतात, तिकडे बघा. आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तर साडेचौऱ्याण्णव किलोमीटरमध्ये मोजक्याच जागी चढता-उतरता येतं. तिथे माणसं मरत नाहीत का?

वारजेकर
मरतात. पण तिथलं दुखणं कुठे ठसठसतं तेही बघा. खंडाळा घाटात जुना हायवे एक्स्प्रेसवेला येऊन मिळतो, दहा लेनची वाहतूक वर्षानुवर्षं सहा लेनमध्ये कोंबली गेली. म्हणजे पुन्हा दोन प्रवाह मिळतात तीच जागा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर रांगेत आहे. सुटलेला ट्रक मोकळ्या रस्त्यावर आला तर एखाद्या कठड्याला घासून थांबेल. इथे तो येतो तेव्हा समोर कार, रिक्षा, टेम्पो उभे असतात, कारण पुढे शिरणाऱ्यांनी आणि उतरणाऱ्यांनी तिन्ही लेन अडवलेल्या असतात. ८० च्या वेगाला थांबण्यासाठी १२० मीटर लागतात असं आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेस) रस्ते बांधायचं मानक धरतं, तेही ब्रेक शाबूत असताना. न्यूट्रल करणाऱ्याला माफी नाहीच. पण त्याच्या वाटेत रोज संध्याकाळी रांग कोण उभी करतं?

नऱ्ह्याची_रहिवासी
तोंडं बंद करा म्हणणं वारज्यात बसून सोपं आहे, दादा. मी रोज स्कूटरवर जाते. सर्व्हिस रोड मध्येच संपतो. मग मान वळवून मागे बघायचं, एक पाय जमिनीवर, आणि दोन ट्रकांच्या मधली फट शोधायची. परवा फट समजून शिरले, तर मागच्याने असा हॉर्न दिला की हँडलच डुगडुगलं. वेग घ्यायला जागाच नाही. २० वरून थेट ६० च्या गर्दीत.

पण ते तोंड बंद केलंत तर मी जाऊ कुठून? बायपास झाला तेव्हा आजूबाजूला शेतं होती. मग सोसायट्या उठल्या, २०२१ ला नऱ्हे महापालिकेतही आलं. फ्लॅट विकताना ‘हायवे टच’ म्हणून भाव लावला, आता त्याच हायवेला आम्ही टच करायचं नाही?

खंबाटकी_रिटर्न
ताई, तुमचा राग रास्त आहे, पण हे वारजेकरांच्याच बाजूने गेलं 😀

नऱ्ह्याची_रहिवासी
अजिबात नाही. आधी सलग सर्व्हिस रोड द्या, मग तोंड बुजवा. क्रम उलटा झाला की आमचेच लोक राँग साइडने येणार, आणि तुम्हीच फोटो काढून टाकणार.

सहाचाकी
बावीस वर्षं ट्रक चालवतोय, म्हणून लिहितो. न्यूट्रल करतात, खोटं कशाला बोलू. पण न्यूट्रल न करताही ब्रेकचे लायनर तापतात. ज्या गिअरला गाडी चढ चढेल त्याच गिअरला उतार उतरवायची, हे आम्हाला उस्तादांनी शिकवलं. आता नवीन पोरगा वरच्या गिअरला ठेवतो आणि पाय ब्रेकवर. वेगाची पाटी बघून पाय अजून दाबतो. बोगद्यानंतरच्या दरी पुलाच्या पुढे आलात की जळका वास येतो ना, तो लायनरचा. तो आला की ब्रेक निम्मा गेलेला असतो.

मला विचाराल तर दोन गोष्टी हव्यात. बोगद्याच्या तोंडाशी गाडी बाजूला लावून चाकं निववायला जागा, तिथेच ‘खालच्या गिअरला घ्या’ अशी मोठी पाटी. आणि उतारावर डाव्या हाताला खडीचा चढता फाटा, ब्रेक गेला की गाडी त्यात घुसवायची. आज ब्रेक गेला तर मी स्टेअरिंग कुठे फिरवू? डावीकडे ताईंची स्कूटर, समोर रांग.

वारजेकर
सहाचाकी, खडीचा फाटा मान्य. पण डाव्या हाताला म्हणताय, तर तो फाटा आणि सर्व्हिस रोडचं तोंड एकाच बाजूला येणार. सुटलेली गाडी शिरणाऱ्या स्कूटरींच्या अंगावरून फाट्यात जाणार का?

सहाचाकी
म्हणून तर तो वर हवा, वस्ती लागायच्या आधी. खाली नवले पुलाजवळच्या सेल्फी पॉइंटला काढून उपयोग नाही.

नऱ्ह्याची_रहिवासी
वर, वस्तीच्या आधी म्हणताय, तिथे नव्या टॉवरचा सँपल फ्लॅट उघडलाय. बोर्डावर लिहिलंय, ‘हायवेपासून शून्य मिनिट’.