निफाडची थंडी आणि 1999 ची मारुती 800, ऑइल कुठलं टाकू?

द्राक्षबाग_निफाड
नमस्कार मंडळी. घरी आप्पांची 1999 ची मारुती 800 आहे, कार्ब्युरेटरवाली. रोज बागेत जायला लागते, जाऊन येऊन चार-पाच किलोमीटर, आणि मधूनअधून मार्केट यार्डाला फेरी. आता ऑइल बदलायचं आलंय तर मेकॅनिक म्हणतो जुनी गाडी आहे 20डब्ल्यू50च टाका, जाड ऑइलने आवाज कमी येतो, आणि पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो 5डब्ल्यू30 फुल सिंथेटिक टाक, थंडीत तेच पाहिजे. इकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाच-सहावर येतो, कधी त्याच्याही खाली. सकाळी सेल मारला की इंजिन जड फिरतं, चालू झालं की वरून टकटक येते आणि थोड्या वेळाने जाते. धूर म्हणावा असा नाही, पण डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल हळूहळू उतरतं. आप्पांचा या गाडीवर फार जीव आहे, विकायचा विषयच नाही. काय टाकू?

जुनी_गाडी_सातपूर
भाऊ दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. पहिला आकडा थंड इंजिनचा, तो जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं आणि पंपातून वर लवकर चढतं. दुसरा आकडा गरम इंजिनचा, तो 100 अंशाला मोजतात. 30 म्हणजे 9.3 ते 12.5 सेंटीस्टोक (हे जाडपणाचं माप), 40 म्हणजे 12.5 ते 16.3 आणि 50 म्हणजे 16.3 ते 21.9. आता तुझं इंजिन पंचवीस वर्षांचं, बेअरिंग आणि रिंगांमधली फट थोडी वाढलेली असणार, त्यात एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे 40 अंश. तिथे 30 चं ऑइल टाकलं तर गरम झाल्यावर प्रेशर कमी पडू शकतं, सिग्नलला उभं असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, आणि ऑइल खाणं वाढतं ते वेगळंच. म्हणून 5डब्ल्यू30 नको.
पण 20डब्ल्यू50 पण हिवाळ्यात नको. पहाटे डिपस्टिक ओढून बघ, ऑइल थेंबाने पडतच नाही, पट्टीला चिकटून सावकाश ओघळतं. तेच ऑइल चाळणीतून ओढून पार वर रॉकर आणि कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) न्यायचं असतं, तोवर वर कोरडं घासतं. तुझी टकटक बऱ्यापैकी त्याचीच. माझं मत सरळ आहे, 10डब्ल्यू40 सेमी सिंथेटिक टाक आणि वर्षभर तेच ठेव. नाही मिळालं तर 15डब्ल्यू40. गाडीचं मॅन्युअल असेल तर त्यात ऑइलच्या पानावर तापमानाचा तक्ता असतो, तो बघूनच घे.

मराठी_एडमंटन
थोडी भर घालतो. इकडे कॅनडात उणे 30 होतं तेव्हा जुन्या गाडीत सुद्धा 0डब्ल्यू किंवा 5डब्ल्यू शिवाय पर्याय नसतो आणि रात्रभर ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) प्लगला लावून ठेवतात. 20डब्ल्यूची थंडीतली टेस्ट उणे 15 ला होते, 10डब्ल्यूची उणे 25 ला आणि 5डब्ल्यूची उणे 30 ला. म्हणजे निफाडच्या 5 अंशाला 20डब्ल्यूने सुद्धा गाडी सुरू व्हायलाच पाहिजे. तेव्हा सेल जड फिरतो त्याचा सगळा दोष ऑइलवर टाकू नका, आधी बॅटरी तपासा. थंडीत बॅटरीची ताकद उतरते, टर्मिनलवर पांढरं साठलं असेल तर ते गरम पाण्याने धुवा, आणि इंजिनला जाणारी अर्थची वायर सैल आहे का बघा. जुन्या गाड्यांत ती वायर कोणी बघतच नाही.

ट्रॅक्टरवाला_येवला
एवढा विचार कशाला, घरात ट्रॅक्टरचं 15डब्ल्यू40 असेलच ना, तेच टाका. आमच्याकडे सगळ्यात तेच जातं.

जुनी_गाडी_सातपूर
दादा, डब्यावर काय लिहिलंय ते बघून टाका. एपीआय या दर्जाच्या खुणेपुढे एस ने सुरू होणारं अक्षर म्हणजे पेट्रोलचं, एसएल, एसएन, एसपी वगैरे, आणि सी ने सुरू होणारं म्हणजे डिझेलचं, सीएच-4, सीआय-4. काही डब्यांवर दोन्ही असतात, तसं असेल तर 800 मध्ये बिनधास्त चालेल. नुसतं डिझेलचं असेल तर पेट्रोल इंजिनात नको. अजून एक, मोटरसायकलचं जासो एमए लिहिलेलं ऑइल बऱ्याच जणांकडे उरलेलं असतं, ते ओल्या, म्हणजे ऑइलातच बुडालेल्या क्लचसाठी बनवलेलं असतं, कारमध्ये ओतून संपवायला जाऊ नका.

द्राक्षबाग_निफाड
सगळ्यांचे आभार. बॅटरीचं टर्मिनल खरंच पांढरं झालेलं निघालं, साफ केल्यावर सेल बराच सुटा फिरतोय. पण ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून पिवळसर सायीसारखा थर होता. मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेली, इंजिन खोलावं लागेल. आणि खोलायचं नसेल तर निदान फ्लशिंग (केमिकल घालून इंजिन आतून धुणं) करून घ्या म्हणतो. मला तर टेन्शनच आलंय.

जुनी_गाडी_सातपूर
थांब, लगेच खोलू देऊ नकोस. चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत थंडीत इंजिनातलं ऑइल नीट तापतच नाही, आत जमलेली वाफ बाहेर जात नाही आणि ऑइलात मिसळून झाकणाखाली असा थर धरते. गॅस्केट गेली असेल तर बाकीची लक्षणं दिसतात: रेडिएटरचं पाणी कमी होतं, इंजिन तापतं, डिपस्टिकवरचं ऑइल सुद्धा दुधाळ होतं, सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावर पण पांढरा धूर येत राहतो. झाकण पुसून ठेव, गाडी थंड असताना रेडिएटरचं पाणी भरून खूण कर, आणि एकदा पिंपळगावपर्यंत चांगली दामटून आण. थर परत आला नाही आणि पाणी जागच्या जागी राहिलं तर गॅस्केटला हात लावायची गरज नाही.
फ्लशिंग मात्र अजिबात करू नकोस. इतक्या वर्षांचा गाळ एकदम सुटला तर संपमधल्या (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) चाळणीत जाऊन बसतो आणि ऑइलचा रस्ताच अडतो. त्यापेक्षा यावेळचं ऑइल आणि फिल्टर लवकर बदल, दोन-अडीच हजार किलोमीटरला, म्हणजे गाळ हळूहळू निघेल. पुढे किलोमीटर कमी झाले तरी वर्षातून एकदा ऑइल बदलायचंच, शक्यतो थंडी सुरू व्हायच्या आत. ऑइल भरताना डब्यावर जाऊ नकोस, सपाट जागी गाडी लावून डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंतच भर, वर गेलं तर तेही वाईट. आणि टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) इंजिन पूर्ण थंड असताना एकदा करून घे, टकटक नव्या ऑइलने गेली नाही तर ती तिथेच सापडेल.

मराठी_एडमंटन
आप्पांना सांगा, सकाळी सेल लागला की लगेच रेस देऊ नका. अर्धा-एक मिनिट चालू द्या आणि मग हळू काढा, पहिले दोन किलोमीटर तिसऱ्याच्या वर नको. तासभर उभी ठेवून तापवायची पण गरज नाही, त्याने चोक ओढल्यावर जास्त जाणारं पेट्रोल ऑइलात उतरतं आणि ऑइल पातळ होतं.