शब्दचर्चा : ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ला मराठीत काय म्हणता?

खामल्याचा : आयटी पार्कात नवीन लागलो, अँग्युलर (वेबसाइट बनवायची चौकट) शिकून राहिलो. टीममध्ये दिवसभर ‘सर्व्हिस (अनेक भागांना लागणारं काम करणारा कोड) इंजेक्ट कर’ चालतं. एकानं ‘अवलंबन-अंतःक्षेपण’ असं भाषांतर सांगितलं, त्यानं अजूनच गोंधळलो. तुम्ही काय म्हणता जी? एक अडचणही आहे. संत्र्याच्या पेट्या विकणारी साइट करतो आहे. यादीतून तीन पेट्या टोपलीत टाकल्या तरी हेडरवर शून्यच. टोपलीचा हिशेब ठेवणारी कार्ट सर्व्हिस तर दोन्हीकडे इंजेक्ट केली आहे!

धंतोलीकर ताई : भाऊ, यादीच्या कंपोनंटमध्ये (पानाच्या त्या तुकड्याच्या कोडमध्ये) ‘प्रोव्हायडर्स’ची, म्हणजे काय पुरवायचं ते सांगणारी ओळ आहे का बघा. तिथे कार्ट सर्व्हिस लिहिली असेल तर यादीला स्वतःची वेगळी प्रत मिळते आणि हेडरला वरची. तुमच्या तीन पेट्या यादीच्या प्रतीत पडल्या. ती ओळ काढा आणि सर्व्हिसवर ‘प्रोव्हायडेड-इन रूट’ ठेवा, म्हणजे सगळ्यांना मुळाशी असलेली एकच प्रत मिळेल.

शब्दाचं म्हणाल तर मी ‘पुरवणे’ वापरते. कंपोनंट आपल्याला लागणारी वस्तू स्वतः ‘न्यू’ करून बनवत नाही. मला कार्ट सर्व्हिस लागते, एवढंच तो कन्स्ट्रक्टरमध्ये (तो तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) किंवा ‘इंजेक्ट’ फंक्शननं सांगतो. ती कोणती द्यायची, नवी की वाटून घेतलेली, हे पुरवणारा ठरवतो. अँग्युलर आधी त्या कंपोनंटपाशी शोधतं, मग त्याच्या पालकापाशी, असं वर चढत थेट मुळाशी जातं. वाटेत जिथे पहिली सापडेल ती मिळते. कुठेच नसेल तर ‘नो प्रोव्हायडर फॉर’ची ती लाल ओळ येते. म्हणून ‘सर्व्हिस इंजेक्ट केली’ यातून निम्मीच माहिती कळते. ‘कुठे पुरवली?’ हे विचारायची सवय लावा.

बर्डीवाला : पण ताई, इंजेक्शन हा शब्द आता रुळला आहे. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००४ च्या लेखात ‘इन्व्हर्जन ऑफ कंट्रोल’ (नियंत्रणाची उलटापालट) हे नाव फार ढोबळ वाटतं म्हणून हे नाव पुढे केलं. मुलाखतीत ‘पुरवठा’ म्हटलं तर समोरचा बघतच राहील.

धंतोलीकर ताई : मुलाखतीत इंजेक्शनच म्हणावं, त्याबद्दल वाद नाही. नवीन पोराला समजावताना मात्र ‘मागणे’ आणि ‘पुरवणे’ या जोडीनं काम होतं. व्ह्यू या दुसऱ्या चौकटीत तर ‘प्रोव्हाइड’ आणि ‘इंजेक्ट’ अशी जोडीच आहे.

बर्डीवाला : मग रिअ‍ॅक्ट या लायब्ररीतला कॉन्टेक्स्ट?

धंतोलीकर ताई : तिथेही प्रोव्हायडर वर आणि ‘यूज-कॉन्टेक्स्ट’ खाली. शोध तसाच जवळच्या प्रोव्हायडरपर्यंत जातो. पाच थरांतून प्रॉप्स (कंपोनंटला वरून मिळणारी माहिती) हातोहात खाली द्यायचे कष्ट वाचतात. पण प्रोव्हायडरची व्हॅल्यू बदलली की ती वाचणारे सगळे कंपोनंट पुन्हा रेंडर होतात (नव्यानं रेखाटले जातात), त्यामुळे सारखी बदलणारी मोठी वस्तू त्यात कोंबू नये. आणि प्रोव्हायडर सापडला नाही तर रिअ‍ॅक्ट आरडाओरडा करत नाही, गुपचूप डिफॉल्ट व्हॅल्यू देतं. मला हे जास्त धोक्याचं वाटतं.

खामल्याचा : ती ओळ खरंच होती ताई! काढली, आता हेडरवर तीन दिसून राहिले. मग कंपोनंटमध्ये प्रोव्हायडर लिहायचाच कशाला?

धंतोलीकर ताई : प्रत्येकाला वेगळी प्रत हवी असते तेव्हा. एकाच पानावर पत्त्याचे दोन फॉर्म असले तर एकाचा अर्धवट मजकूर दुसऱ्यात दिसता कामा नये. तिथे फॉर्मची सर्व्हिस फॉर्मच्याच कंपोनंटमध्ये पुरवा. टेस्ट लिहितानाही तेच तत्त्व: खऱ्या सर्व्हरशी बोलणाऱ्या सर्व्हिसच्या जागी खोटी पुरवायची, कंपोनंटच्या कोडला हात लावायचा नाही.